दुकान बंद करणे आहे

निमगाव केतकीच्या बापूसाहेबांना माणसाचं मन वाचता येतं, हे त्यांना पहिल्यांदा बारामतीत एका टायवाल्या गृहस्थांनी सांगितलं. त्याआधी चाळीस वर्षं त्यांना स्वतःबद्दल तसा संशयही आला नव्हता.

हे गृहस्थ पुण्याचे. भर मे महिन्यात, मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली, गळ्यात टाय आवळून ते 'ग्राहकाचे मन' या विषयावर दोन दिवस बोलले. घाम हनुवटीवरून टायवर ठिबकत होता, पण बोलणं काही आटत नव्हतं. "ग्राहक वस्तू घेत नाही! ग्राहक भावना घेतो!" असं ते गरजले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका खतवाल्याने हात वर करून विचारलं, "सर, युरियाची भावना कंची?" त्याचं उत्तर जेवणानंतर देतो असं ठरलं. जेवणात श्रीखंड निघालं, त्यामुळे युरियाची भावना आजतागायत अंधारात आहे. शेवटी प्रमाणपत्र देताना सरांनी बापूसाहेबांचा हात दाबला आणि म्हणाले, "तुमच्या डोळ्यांत मला माणूस वाचण्याची ताकद दिसते." तसं ते प्रमाणपत्र घेणाऱ्या प्रत्येकालाच म्हणत होते. पण बापूसाहेब रांगेत पहिले होते आणि आपलं वाक्य ऐकून लगेच एस.टी. पकडायला धावले, त्यामुळे बाकीच्यांची वाक्यं त्यांना कधी कळलीच नाहीत.

खरं तर दुकान बापूसाहेबांचं नव्हतंच. ते इंदापूरला पाटबंधारे खात्यात कारकून. दुकान त्यांच्या बायकोचं, साखरबाईंचं. घराच्या ओसरीला शटर बसवून त्यांनी स्टीलची भांडी आणि भेटवस्तू विकायला सुरुवात केली, तेव्हा लासुर्ण्याहून त्यांचे थोरले बंधू रावजी मुद्दाम समजूत काढायला आले होते. "साखरे, आपल्या घराण्यात बाईमाणसानं कधी तराजू धरला न्हाय," ते म्हणाले. साखरबाई म्हणाल्या, "मी बी धरीत न्हाय. लेमन सेट नगावर जातो." रावजी चहा न पिता उठले आणि त्या दिवसापासून दुकान कधी बुडतं याची वाट बघायला लागले. लासुर्ण्याहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर त्यांचा एकच निरोप असे, "साखरीला म्हणावं, दुकानाची झाकपाक कधी करतीस?"

आणि त्या वर्षी वेळ तशीच आली होती. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून तालुकाभर लग्नपत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नयेत' असं छापायची टूम निघाली. आता आहेरच नाही म्हटल्यावर लेमन सेट घेतो कोण? लेमन सेट ही काही माणूस स्वतःसाठी घ्यायची वस्तू नव्हे. एक जग, सहा ग्लास, प्रत्येकावर लिंबाची फोड. तो नेहमी दुसऱ्याला द्यायचा असतो, आणि दुसऱ्याने तिसऱ्याला. साखरबाईंनी लग्नसराईच्या भरवशावर भरलेले सेट छतापर्यंत गेले होते. साखरबाई नुसत्या रोज सकाळी खोक्यांवरची धूळ झटकत होत्या. पण त्या झटकण्याचा जोर वाढत चाललाय, हे मन वाचता न येणाऱ्यालाही कळलं असतं. म्हणून तर बापूसाहेब रजा टाकून बारामतीला गेले होते.

परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "रविवारी गल्ल्यावर मी बसणार."

सरांचा पहिला नियम असा, की महाग वस्तू माणसाला आपोआप चांगली वाटते. बापूसाहेबांनी रविवारी सकाळी सगळ्या किमती वाढवून ठेवल्या. शेजारच्या रंगूबाई कालच बघून गेलेलं पातेलं न्यायला आल्या, किंमत ऐकली आणि पातेल्यात डोकावून बघत म्हणाल्या, "रात्रीत ह्यात काय शिजवलं का काय? न्हाय, एकदम भाव वाढला म्हणून इचारलं." त्या पातेलं ठेवून गेल्या ते गेल्याच.

दुसरा नियम जास्त खोल होता. ग्राहक जशी हालचाल करेल तशीच आपण करायची. त्याने त्याच्या मनात आपलेपणा उत्पन्न होतो. दुर्दैवाने या नियमाच्या वाट्याला म्हस्कू आबा आले. आबा गावचे माजी सरपंच, पानमळ्याचे मालक, आणि हातातल्या काठीचे उत्साही वापरकर्ते. ते नातसुनेसाठी डबा बघायला आले होते. आबांनी मिशीवरून हात फिरवला; बापूसाहेबांनी आपल्या नसलेल्या मिशीवरून फिरवला. आबांनी घसा खाकरला, बापूसाहेबांनी खाकरला. आबांनी पटका सारखा केला. बापूसाहेबांनी टकलावर हात दाबून अदृश्य पटका सारखा केला. आबा थांबले. डोळे बारीक करून त्यांनी मान तिरकी केली. बापूसाहेबांनीही केली.

"आरं, मला येडावतोस व्हय रं?"

"आबा, तसं न्हाय, आपलेपणा..."

पुढचं काठीने ऐकू दिलं नाही. फटका तसा ओझरता होता, पण लागायच्या जागी लागला, आणि तो सबंध आठवडा बापूसाहेबांनी कचेरीत उभ्यानेच फायली पाहिल्या.

दुसरा एखादा माणूस इथे थांबला असता. पण बापूसाहेबांचा आजा मेंढरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे करायचा, नुसत्या बोटांवरून समोरच्याचं मन ओळखायचा, अशी घरात आख्यायिका होती. ते रक्त असं एका काठीने थंड होत नाही. आणि सरांचा तिसरा नियम अजून शिल्लक होता: जी वस्तू आता मिळणार नाही असं वाटतं, तीच माणसाला हवी होते.

साखरबाई दोन दिवस कळंबला बहिणीकडे गेल्या, ती संधी साधून बापूसाहेबांनी पेंटरला गाठलं आणि पाटीचा मजकूर दिला. 'दुकान बंद करणे आहे! मिळेल त्या भावात विक्री! शेवटचे काही दिवस!' संध्याकाळी पाटी आली. मजकूर बरोबर होता, फक्त खाली लाल रंगात आणखी एक ओळ होती: 'मालक गाव सोडून जात आहेत.'

"हे कुणी सांगितलं?" बापूसाहेबांनी विचारलं.

"खाली जागा ऱ्हायली व्हती," पेंटर म्हणाला. "मोकळी जागा वंगाळ दिसती."

बापूसाहेबांनी क्षणभर विचार केला. ग्राहक भावना घेतो. मग थोडी जास्त भावना गेली तर बिघडलं कुठे? पलीकडच्या घरातले साहेबराव गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवायचे. त्यांना बोलावून त्यांनी पाटी दाखवली. गुरुजींनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि एकच हरकत घेतली. "तीन उद्गारचिन्हं जास्त होतात. एक पुरे." एवढी पसंती मिळाल्यावर पाटी टांगायला काहीच अडचण नव्हती.

पहिल्या दिवशी कुणीही काहीही घेतलं नाही. पण रस्त्यावरून जाणारी प्रत्येक सायकल हळू व्हायची, माणूस पाटी वाचायचा, रजा टाकून गल्ल्यावर बसलेल्या बापूसाहेबांकडे बघून मान खाली घालायचा आणि पुढे जायचा. एकाने तर टोपी काढली. बापूसाहेबांना वाटलं, गर्दी व्हायच्या आधीची ही शांतता असणार.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावून बसायला सांगितलं. नोकरीत ते पहिल्यांदाच साहेबांसमोर बसत होते, तेही नेमके बसता येत नसताना. साहेबांनी चहा मागवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "पत्त्यांचा नाद वगैरे काही...?" बापूसाहेबांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. "असू द्या, असू द्या," साहेब म्हणाले. "तुम्ही गाव सोडताय असं कळलं. बदलीचं मी बघतो."

बाहेर येऊन बघतात तर खिडकीजवळचं त्यांचं टेबल शेजारच्या कारकुनाने पुसून घेतलेलं. बापूसाहेब तडक हेडक्लार्ककडे गेले आणि मला बदली नको म्हणाले.

"मग नको असल्याचा अर्ज द्या."

त्यांनी दिला. हेडक्लार्कने तो उलटसुलट बघितला. "बदली रद्द करा म्हणता, पण बदली मागितल्याचा मूळ अर्ज कुठाय?"

"मी मागितलीच न्हाय की!"

"न मागितलेली बदली रद्द करायची खात्यात तरतूद नाही. आधी मागा, मग रद्द करू."

शेवटी बापूसाहेबांनी एक अर्ज बदली मिळावी म्हणून लिहिला, दुसरा मिळू नये म्हणून लिहिला, आणि दोन्हींवर बरोबर क्रमाने शिक्के पडेपर्यंत टेबलाला धरून उभे राहिले.

त्याच संध्याकाळी साखरबाई एस.टी.ने कळंबहून निघाल्या. गाडीत शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईने त्यांना निमगावच्या दुकानवाल्या म्हणून ओळखलं आणि हात हातात घेतला. "बाई, धीर सोडू नगा. हुतं असं."

"काय झालं?" साखरबाईंनी विचारलं.

"आता माझ्या तोंडानं कशाला सांगू?" असं म्हणून त्या बाईने डोळ्यांना पदर लावला.

साखरबाई स्टँडवर उतरल्या त्या पिशव्या टाकून धावतच सुटल्या. दारात माणसं जमलेली. रंगूबाई पिठलं-भाकरी झाकून घेऊन येत होत्या, जशी दुःखाच्या घरी आणतात तशी. साखरबाईंनी हंबरडा फोडायला तोंड उघडलं आणि त्यांना गर्दीच्या मधोमध, उशी घेतलेल्या स्टुलावर, धडधाकट बापूसाहेब दिसले. उघडलेलं तोंड वाया जाऊ नये म्हणून की काय, हंबरड्याऐवजी जे बाहेर पडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पेंटरच्या कुळाचाही त्यात उल्लेख होता.

"अगं, हे तंत्र हाय!" बापूसाहेब कळवळून म्हणाले.



"तरीच!" रंगूबाई म्हणाल्या. "मी म्हणतच व्हते, कुणीतरी तंत्र केलंय. येवढी लिंबं घरात रचून ठेवल्यावर दुसरं काय हुणार? ग्लासा-ग्लासावर लिंबू!"

"तसलं तंत्र न्हवं! इक्रीचं तंत्र!"

"इक्रीवरच केलंय," मागून कुणीतरी दुजोरा दिला. मग ते कुणी केलं असेल यावर बरीच चर्चा झाली. एकाने शटरचं तोंड फिरवायला सांगितलं, दुसऱ्याने पाल शिजवून पुरायला सांगितली, तिसऱ्याने सगळं विकून कोंबड्या पाळायला सांगितल्या. साखरबाईंनी पाटी उतरवून पाण्याच्या हौदावर पालथी घातली, पण तोवर सबंध पंचक्रोशी ती वाचून मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी बाजार. सकाळीच रावजी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन दारात हजर झाले. बहिणीला आणि तिच्या सामानाला न्यायला. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो आल्यावर मात्र त्यांचं तोंड पडलं होतं. "साखरे, मी काय खरंच बुडावं म्हणून बोलत न्हवतो गं," ते म्हणाले, आणि एवढा मोठा बागायतदार माणूस ट्रॉलीच्या चाकाशी उभा राहून उपरण्याने डोळे पुसायला लागला. साखरबाईंना हे नवीन होतं. त्यांनी भावाला समजावून सांगितलं, की काहीही बुडालेलं नाही, ह्यांनी नको तो उद्योग केलाय. रावजींनी मान हलवली. पटलेलं नव्हतं, हे दिसत होतं. लहानपणापासून साखरी अशीच. पडली तरी लागलं म्हणून सांगायची नाही.

तेवढ्यात काठी वाजली. म्हस्कू आबा.

बापूसाहेब आपसूक भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पण आबांनी काठी खाली ठेवली. "बापू, तुझं डोकं ठिकाण्यावर न्हाय ह्ये मला कळाया पायजे व्हतं. संकटातल्या माणसावर हात उचलला मी." त्यांनी फळीकडे बोट केलं. "दोन लेमन सेट दे. भाव सांगू नगंस."

ते दोन सेट दोन बगलेत धरून आबा बाजारातून चालत गेले, आणि भेटेल त्याला थांबवून सांगत गेले, "बापूसायबाकडनं कायतरी घ्या. गावचा माणूस हाय, असा जाऊ द्यायचा न्हाय."

मग जी रीघ लागली तशी निमगावच्या बाजारात कुणी पाहिली नव्हती. ज्यांच्या घरी चहा बशीत पितात त्यांनी कपबशांचे सेट नेले. ज्यांच्याकडे वीज नव्हती त्यांनी मिक्सरची भांडी नेली. रंगूबाईंनी तेच पातेलं वाढलेल्या भावात नेलं. जाताना म्हणाल्या, "आमच्यात हायती चार. असू दे." भाव कुणीही केला नाही. एखाद्याने सवयीने "काय कमी..." म्हणून तोंड उघडलं, तर मागचा त्याला कोपराने ढोसायचा. लेमन सेट तर दुपारीच संपले. नंतर आलेले लोक हळहळत, "एक तरी ठिवायचा आमाला," असं म्हणत कढया घेऊन गेले. रावजींनी स्वतः गल्ल्यावर बसून सुटे पैसे दिले.

बापूसाहेब आनंदाने नाचायचे बाकी होते. "बघितलंस? मन वाचलं मी सगळ्या गावाचं!"

साखरबाई रिकाम्या फळ्यांकडे बघत खाली बसल्या. "माझं दुकान मला चालवायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "लोकांनी कीव म्हणून भांडी न्यावी म्हणून न्हवतं मांडलं मी." आणि त्या खरोखरच रडल्या. बापूसाहेबांना मन वाचण्याच्या शिबिरात याच्यावर काही सांगितलं नव्हतं. ते शेजारी उकिडवे बसले.

पण साखरबाई फार वेळ रडणाऱ्यातल्या नव्हेत. रिकाम्या फळ्या त्यांना बघवेनात. सकाळी त्यांनी पी.सी.ओ.वरून पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला आणि माल मागवला. तो आला टेम्पोने, भर संध्याकाळी, सगळं गाव स्टँडवर असताना. टेम्पोवाल्याने पत्ता विचारत विचारत अर्धं गाव मागे आणलं. दोरी सुटली, आणि एकामागून एक नवी कोरी खोकी उतरायला लागली.

गर्दीत कुजबूज झाली. आबा पुढे आले. काठी परत त्यांच्या हातात होती.

"बापू, तू तर बुडाला व्हतास न्हवं?"

 गावाचं मन या वेळी बापूसाहेबांनाच काय, कुणालाही वाचता आलं असतं. ते साहेबराव गुरुजींकडे बघायला लागले. गुरुजी आकाशाकडे बघायला लागले.

साखरबाई पायरीवर चढून उभ्या राहिल्या. "आबा, खरं सांगते. दुकान बुडालं न्हवतं. गाव कुणी सोडत न्हवतं. ह्येंनी बारामतीत शिकून माल खपावा म्हणून खोटी पाटी लावली. ज्याला वस्तू नको आसंल त्यानं परत आणून द्यावी. मी पैसं दीन."

  मग रावजी हुंदका दाबत म्हणाले, "बघा! अजून नवऱ्याची अब्रू झाकतीया."

"लई मानी बाई," रंगूबाईंनी डोळे पुसले.

"खोटी पाटी कोण लावतंय?" आबा म्हणाले. "उगं आपल्याच दुकानाला आग लागली म्हणून कोण वरडंल? येडं हाय का त्ये?" त्यांनी बापूसाहेबांकडे पाहिलं, त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी विषय बदलला. "त्ये काय बी आसू दे. आपुन सगळ्यांनी हात लावला आन बुडालेलं दुकान वर आलं. नारळ आणा!"

"अवो आबा, मी खरं सांगतीय!" साखरबाई ओरडल्या, पण तोवर नारळ फुटला होता. बापूसाहेबांच्या गळ्यात हार पडला आणि त्यांना दोन शब्द बोलायला लावण्यात आलं. ते "मी... मला..." एवढंच म्हणू शकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुडून वर आलेल्या माणसाने याहून जास्त बोलू नये, असंच सगळ्यांचं मत पडलं.

कुणीही काहीही परत आणून दिलं नाही. उलट त्या दिवसापासून निमगावचा माणूस भांडं घ्यायला इंदापूर-बारामतीला जाईनासा झाला. "आपलं दुकान असताना भाईर कशाला?" साखरबाईंनी आणलेला माल त्यांच्याच निवडीने, त्यांच्याच भावाने खपायला लागला, आणि कीव हळूहळू सवयीत जिरून गेली. रावजी आता लासुर्ण्यात सांगायचे, की दुकान टाकायचा विचार मूळ त्यांचाच. फक्त एक झालं. आपलं दुकान म्हटल्यावर माणसं गल्ल्याच्या आत येऊन बसायला लागली. आबा येऊन फळ्या मोजायचे. रंगूबाई गिऱ्हाइकाला परस्पर सांगायच्या, "त्ये नगा घिऊ, बूड पातळ हाय."

साखरबाईंनी हे निभावून नेलं. अडकले ते बापूसाहेब. ते कायमचे 'सावरलेले गृहस्थ' झाले होते, आणि सावरलेल्या माणसावर गावाची नजर असते. त्यांनी नवा टेरिकॉटचा शर्ट शिवला, तर रंगूबाई म्हणाल्या, "आत्ताच कुठं बरं चाललंय, आन लगीच शर्ट?" हॉटेलात त्यांनी भजी मागवली, तर मालकाने चहाच दिला आणि हळूच म्हणाला, "सवय लागती, बापूसायेब."

पुढच्या वर्षी त्यांनी स्कूटर घ्यायची ठरवली. पैसे बाजूला टाकलेले होते, बारामतीत जाऊन लाल रंगाची एक पसंत करूनही आले होते. गावात ही बातमी त्यांच्या आधी पोचली. संध्याकाळी देवळासमोर माणसं बसली आणि बापूसाहेबांना बोलावणं गेलं. स्कूटर हवीच कशाला, इथपासून सुरुवात झाली. लाल रंग डोळ्यांवर येतो, असं निघालं. एकाने घोडीच का घेत नाही म्हणून विचारलं. बापूसाहेब दोनदा म्हणाले, "अवो, पैसं माझं हायेत," पण ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. साहेबराव गुरुजींनी दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला: गाडी घ्यावी, पण स्कूटर नव्हे, मोपेड. आणि रंग काळा.

बापूसाहेबांनी बायकोकडे बघितलं. साखरबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, अगदी खांदे हलेपर्यंत.

काळी मोपेड आली. हार घातला, लिंबू चाकाखाली गेलं. बापूसाहेबांनी ऐटीत किक मारली, आणि साखरबाई मागे बसायला पुढे होणार तोच म्हस्कू आबा काठी आडवी धरून मागच्या सीटवर बसलेसुद्धा. मोपेडचं मागचं चाक दबलं. बापूसाहेबांनी मान वळवली.

आबांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. "हळू चालीव. गावाची गाडी हाय."